सॅलॅमँडरच्या डिंभाला रंगावरून नाव देऊ नये

संपादक महोदय,

सॅलॅमँडर आणि न्यूट या बेडकाच्या नात्यातल्या शेपटीवाल्या उभयचरांच्या पाण्यातल्या पिलांची, म्हणजे डिंभांची, छायाचित्रे हल्ली पुरवण्यांत, शालेय प्रकल्पांत आणि मोबाइलवर सर्रास दिसतात. त्यांखाली दिलेली नावे मात्र पुष्कळदा अंदाजपंचे असतात. तपकिरी अंग आणि काळे ठिपके दिसले की एक नाव, पिवळसर दिसले की दुसरे. डिंभावस्थेत रंगाइतका बेभरवशाचा पुरावा दुसरा नाही. या गफलतीतून पुढे आणखी एक गफलत होते. जात चुकीची धरली की तिचा रूपांतरणाचा, म्हणजे कल्ले टाकून प्रौढ रूप घेण्याचा, काळही चुकीचा धरला जातो, मग 'एवढा मोठा झाला तरी कल्ले गेले नाहीत' म्हणून धडधाकट प्राण्याला आजारी ठरवून त्याच्यावर नको ते उपाय केले जातात. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

समोरचा प्राणी सॅलॅमँडरचा डिंभ आहे की नाही, हे आधी ठरवायला हवे. बेडूकमाशाचे, म्हणजे बेडकाच्या डिंभाचे, बाहेरचे कल्ले अंड्यातून निघाल्यावर थोड्याच दिवसांत कातडीखाली झाकले जातात, तर सॅलॅमँडरच्या डिंभाचे पिसासारखे तीन जोड कल्ले डोक्यामागे रूपांतरणापर्यंत उघडेच राहतात. बेडूकमाशाला बाहेरून आधी मागचे पाय दिसतात, कारण पुढचे पाय कल्ल्यांवरच्या आवरणाखाली वाढत असतात. सॅलॅमँडरला आधी पुढचे पाय फुटतात, मागचे नंतर. मागचे पाय आहेत आणि पुढचे नाहीत असा प्राणी दिसला की तो बेडकाच्या घराण्यातला समजावा. तोंडही पाहावे. बहुतेक बेडूकमाशांना शेवाळ खरवडायला चोचीसारखे कठीण ओठ असतात. सॅलॅमँडरचा डिंभ पहिल्यापासून शिकारी असतो. त्याचे तोंड रुंद असते, त्यात खरे दात असतात आणि पाण्यातले डॅफ्नियासारखे बारीक जीव तो गपकन ओढून घेतो. देवगांडूळ या गांडुळासारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या डिंभाला पाय नसतात आणि अंड्यातून बाहेर आल्यावर बाहेरचे कल्लेही राहत नाहीत, फक्त मानेच्या बाजूला कल्ल्याचे छिद्र दिसते. त्यामुळे तिथे घोटाळा होण्याचे कारण नाही.

खरी अडचण येते ती नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिलाची. त्याला पाय नसतात आणि ते माशाच्या पिलासारखे दिसते. अशा वेळी भिंगातून डोळ्याखालची जागा पाहावी. तळ्यातल्या बऱ्याच जातींत तिथे दोन्ही बाजूंना एकेक बारीक दांडी खाली आलेली असते. पुढचे पाय तयार होईपर्यंत पिलू या दांड्यांवर टेकून गाळात न रुतता राहते आणि पाय आले की त्या झडून जातात. दांडी दिसली तर तो सॅलॅमँडर नक्की. दिसली नाही तर मात्र उलट निष्कर्ष काढू नये. प्रवाहात वाढणाऱ्या जातींना त्या नसतातच, शिवाय ॲक्सोलॉटलसारख्या तळ्यातल्या काही जातींनाही नसतात.

यानंतर पाण्याचा प्रकार पाहावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि आमच्या मते तिथेच निम्मे काम होते. साचलेल्या पाण्यातल्या डिंभाचे कल्ले लांब आणि दाट असतात. शेपटीच्या वरचा पातळ पडदा पाठीवरून पुढे पार खांद्यापर्यंत, कधी डोक्याच्या मागच्या कडेपर्यंत आलेला असतो. वाहत्या पाण्यातल्या डिंभाचे अंग चपटे व निमुळते असते, कल्ले आखूड असतात, पडदा बुटका असून बहुधा शेपटीपुरताच राहतो, आणि पाय लवकर येऊन मजबूत होतात. उंच पडदा प्रवाहात उपयोगाचा नाही, पाणी प्राण्याला त्याच पडद्यासकट ओढून नेईल. त्यामुळे छायाचित्रात पडदा खांद्यापर्यंत आलेला असेल आणि मजकुरात 'डोंगरी ओढ्यात सापडला' असे असेल, तर दोहोंपैकी काहीतरी चुकले आहे.

मग शरीराच्या खुणा. बोटे मोजावीत. बहुतेक जातींत पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला पाच बोटे असतात. मागच्या पायाला चारच बोटे असतील तर शोध एकदम आटोक्यात येतो: उत्तर अमेरिकेतला मडपपी, तिथलाच चार बोटांचा सॅलॅमँडर, उत्तर आशियातला सायबेरियन सॅलॅमँडर, इटलीतला चष्मेवाला सॅलॅमँडर अशी मोजकी नावे उरतात. मागचे पाय मुळीच नसतील आणि प्राणी हातभर लांब असेल, तर तो सायरन. त्याला मागचे पाय कधीच येत नाहीत आणि कल्लेही जात नाहीत.

इथे एक सावधगिरी. हे डिंभ एकमेकांचे पाय आणि कल्ले तोडतात, दाटी झाली तर फारच. तुटलेला पाय पुन्हा उगवतो आणि उगवताना आधी बोथट खुंट, मग दोन बोटे, मग तीन असा क्रम लागतो. एका बाजूचा पाय लहान आणि दुसऱ्या बाजूचा पूर्ण दिसला तर ती वाढीची अवस्था नव्हे, जुनी जखम आहे. बोटे नेहमी दोन्ही बाजूंची मोजावीत आणि अवस्था ठरवताना चांगल्या बाजूचा पाय धरावा.

बोटांचा आकारही बोलका असतो. युरोपातल्या मोठ्या तुरेवाल्या न्यूटच्या डिंभाची बोटे विलक्षण लांब आणि सडपातळ असतात, शेपटीचे टोक दोऱ्यासारखे ओढलेले असते आणि शेपटीच्या पडद्यावर काळे डाग असतात. या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तर नाव खात्रीने लिहावे. त्याच तळ्यातल्या साध्या न्यूटचा डिंभ लहान असतो, रूपांतरणाच्या वेळी साधारण ३ ते ४ सेंटिमीटर. अल्पाइन न्यूटच्या शेपटीचे टोक त्या मानाने बोथट असते. साधा न्यूट आणि पामेट न्यूट यांचे डिंभ मात्र तळ्याकाठी उभे राहून वेगळे करता येत नाहीत. तिथे 'लहान न्यूट, दोहोंपैकी एक' असे लिहिणे हेच अचूक उत्तर होय. फायर सॅलॅमँडरचा डिंभ ओळखायला सर्वांत सोपा. मादी अंडी न घालता चार पायांसह तयार झालेली सुमारे ३ सेंटिमीटरची पिले थेट ओढ्यात सोडते, आणि प्रत्येक पायाच्या मुळाशी वरच्या बाजूला फिकट पिवळा ठिपका असतो. बाकी अंग काळपट असो वा मातकट, हा ठिपका शोधावा.

उत्तर अमेरिकेत पूर्वेकडच्या लाल ठिपक्यांच्या न्यूटच्या डिंभाच्या नाकपुडीपासून डोळ्यातून मागे जाणारी गडद रेघ असते. मार्बल्ड सॅलॅमँडरच्या डिंभाच्या कुशीवर, पायांच्या पातळीला, फिकट ठिपक्यांची ओळ दिसते. या जातीच्या बाबतीत ऋतूही साक्षीला येतो. तिची मादी शरद ऋतूत कोरड्या पडलेल्या तळ्याच्या तळाशी अंडी घालते, पाणी भरले की पिले बाहेर येतात आणि हिवाळा पाण्यात काढतात. वसंतात स्पॉटेड सॅलॅमँडरची अंडी फुटू लागतात तेव्हा मार्बल्डचे डिंभ चांगले वाढलेले असतात, आणि ते त्या नव्या पिलांना खातातही. एकाच तळ्यात दोन अगदी वेगळ्या आकारांचे डिंभ दिसले की ते एकाच जातीचे लहानमोठे भाऊ आहेत असे धरून चालू नये.

कल्ल्यांमागच्या फटी मोजता आल्या तर प्राण्याच्या कुलापर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या मोठ्या गटापर्यंत, पोहोचता येते. अँबिस्टोमा गटाच्या डिंभांना प्रत्येक बाजूला चार फटी असतात, तर फुप्फुस नसलेल्या सॅलॅमँडरांपैकी युरिसियासारख्या गटांत तीन. यासाठी डिंभ पाण्यातच हवा आणि प्रकाश बाजूने हवा. पाण्याबाहेर काढल्याबरोबर कल्ले अंगाला चिकटतात आणि फटी दिसेनाशा होतात.

रंगावर विसंबू नये असे म्हणतो त्याची कारणे सांगायला हवीत. कातडीतल्या रंगपेशी पसरतात आणि आक्रसतात. गढूळ पाण्यातला डिंभ फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि काळ्या पानांच्या थरावर राहणारा गडद होतो. पांढऱ्या तबकात ठेवल्यावर थोड्या वेळात त्याच प्राण्याची छटा बदलू शकते. वाढीबरोबरही नक्षी बदलते: लहानपणी पाठीवर असलेले पट्टे विरून पुढे नुसती चितकबरी उरते. कल्ल्यांच्या लांबीचेही तसेच. कोमट, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात कल्ले लांब आणि दाट होतात, थंड आणि खेळत्या पाण्यात तेच आखूड राहतात. मोबाइलवरची ओळख सांगणारी ॲप हीच दोन लक्षणे सर्वांत आधी पकडतात, आणि त्यांना शिकवलेली बहुतेक छायाचित्रे प्रौढ प्राण्यांची असतात. त्यांचे उत्तर सुरुवात म्हणून घ्यावे, निकाल म्हणून घेऊ नये.

निरीक्षणाची रीत अशी असावी. जाळी ओढू नये, तिच्यात कल्ल्यांचे धागे अडकून तुटतात. पांढरा पेला पाण्यात हळूच बुडवून डिंभ पाण्यासकट उचलावा आणि सपाट भिंतींच्या पारदर्शक, अरुंद डबीत त्याच तळ्याचे पाणी घेऊन त्यात सोडावा. एका डबीत एकच. डबी सावलीत धरावी, उन्हात इतके थोडे पाणी चटकन तापते. डबीमागे आलेखाचा कागद लावला की लांबी आपोआप कळते. दोन मापे नोंदवावीत: पूर्ण लांबी, आणि मुस्कटापासून शेपटीच्या मुळाशी असलेल्या अवस्कराच्या (मलमूत्र व अंडी बाहेर पडण्याच्या छिद्राच्या) मागच्या कडेपर्यंतची. शेपटीचे टोक चावलेले असले की पूर्ण लांबी फसवते, दुसरे माप फसवत नाही. छायाचित्रे चार घ्यावीत: संपूर्ण बाजू, वरून, डोके व कल्ले जवळून, आणि मागचा पाय बोटे पसरलेल्या स्थितीत. वरून घेतलेले एकच छायाचित्र जवळजवळ निरुपयोगी असते, कारण पडदा कुठे सुरू होतो हे त्यात दिसत नाही. दोनतीन मिनिटांत काम आटोपून डिंभ जिथून घेतला तिथेच सोडावा. कोरड्या हाताने तर मुळीच धरू नये. आसपास अंडी दिसली तर त्यांचीही नोंद करावी. न्यूट पाणवनस्पतीच्या पानाची घडी घालून तिच्यात एकेक अंडे ठेवतात, तर स्पॉटेड सॅलॅमँडरची अंडी मोठ्या घट्ट गोळ्यात असतात आणि त्यांत वाढणाऱ्या शैवालामुळे पुष्कळदा हिरवी दिसतात.

आता रूपांतरणाविषयी. बेडकात जे होते ते इतके ठळक असते की सॅलॅमँडरमध्येही तसेच काही होईल अशी अपेक्षा धरली जाते. इथे शेपटी जात नाही, पाय आधीच आलेले असतात आणि आहारही मांसाहारीच राहतो. बदल होतात ते बारकाईने पाहणाऱ्यालाच दिसतात. सुरुवात बहुधा पाठीवरचा पडदा खाली बसण्यापासून होते. मग कल्ल्यांचे धागे आखूड होत होत नुसते खुंट उरतात आणि फटी मिटतात. डोळे वर उचलले जातात आणि त्यांना पापण्या येतात. डोके रुंदावते, टाळूची हाडे नव्याने रचली जातात, जमिनीवर भक्ष्य टिपणारी जीभ तयार होते. कातडी जाड होऊन तिच्यात ग्रंथी वाढतात आणि प्राणी कात टाकतो. पाण्यातली हालचाल टिपणारी अंगावरची संवेदी रांग जमिनीवर जाणाऱ्या जातींत नाहीशी होते. शरीरातले नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य आतापर्यंत मुख्यतः अमोनियाच्या रूपात पाण्यात जात असते, त्याऐवजी आता युरिया बनू लागतो. फुप्फुसे असलेल्या जातींचे डिंभ रूपांतरणाच्या बरेच आधीपासून पृष्ठभागावर येऊन हवा गिळत असतात, तेव्हा हवा घ्यायला आला म्हणजे रूपांतरण सुरू झाले असे समजू नये. पडदा आणि कल्ले या दोन खुणा एकत्र पाहाव्यात.

या सगळ्याची सूत्रे थायरॉइडच्या हातात असतात. मेंदूतून पीयूष ग्रंथीला, तिथून थायरॉइडला इशारा जातो. थायरॉइडमधून निघालेले थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, ऊतींमध्ये टी-३ या अधिक प्रभावी रूपात बदलते आणि प्रत्येक अवयव आपापल्या परीने त्याला प्रतिसाद देतो. ताणाच्या वेळी वाढणारे कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक या कामाला वेग देते. तळे आटू लागल्यावर डिंभ घाईने बाहेर पडतात त्यामागे हेच आहे.

वयावरून रूपांतरणाची तारीख सांगता येत नाही. विल्बर आणि कॉलिन्स या जीवशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार आजही उपयोगी पडतो: एका किमान आकाराच्या आत रूपांतरण होऊच शकत नाही, आणि तो आकार गाठल्यावर कधी निघायचे हे वाढीचा वेग ठरवतो. अन्न मुबलक असून वाढ जोरात चालू असेल तर पाण्यात थांबणे फायद्याचे, वाढ मंदावली तर निघणे फायद्याचे. उबदार पाण्यात सगळे लवकर उरकते, पण बाहेर पडणारा प्राणी लहान असतो. तळे किमान आकाराच्या आधीच आटले तर सगळी पिढी जाते. जातींमधला फरक तर प्रचंड आहे. स्पॉटेड सॅलॅमँडरला साधारण दोन ते चार महिने पुरतात. झऱ्यांत राहणाऱ्या स्प्रिंग सॅलॅमँडरचा डिंभ काही वर्षे तसाच राहतो. हेलबेंडर हा मोठा सॅलॅमँडर साधारण दीड वर्षाचा झाल्यावर बाहेरचे कल्ले गमावतो, पण पाणी सोडत नाही. प्लेथोडॉन गटात पाण्यातली अवस्थाच नाही, जमिनीवरच्या अंड्यातून थेट छोटा सॅलॅमँडर निघतो. लाल ठिपक्यांच्या न्यूटमध्ये तर दोन बदल होतात: डिंभ कल्ले गमावून केशरी रंगाचा, जमिनीवर राहणारा एफ्ट होतो, आणि काही वर्षांनी तोच पुन्हा पाण्यात उतरून ऑलिव्ह रंगाचा प्रौढ बनतो.

कल्ले ठेवूनच प्रौढ होणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. मडपपी आणि युरोपातल्या गुहांमधला ओल्म हे कधीच रूपांतरित होत नाहीत. टायगर सॅलॅमँडर आणि अल्पाइन न्यूट यांच्या काही तळ्यांतले प्राणी होतात, काही होत नाहीत. मोठा, कल्लेवाला प्राणी दिसला तर अवस्कराभोवतालचा भाग पाहावा. तो फुगलेला असेल तर समोर डिंभ नसून विणीला आलेला प्रौढ आहे. मेक्सिकोच्या झोचिमिल्को परिसरातला ॲक्सोलॉटल याच प्रकारचा. मेक्सिकोहून पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आणलेल्या ॲक्सोलॉटलांच्या काही पिलांनी १८६५ मध्ये कल्ले टाकले, तेव्हा तिथले प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरिल यांच्यासह सगळेच चकित झाले होते. ऊतींची बदलण्याची क्षमता ॲक्सोलॉटलमध्ये शाबूत आहे, पण तो बदल सुरू करण्याइतका थायरॉइडचा इशारा त्याच्या शरीरात सहसा तयार होत नाही.

यावरून काही जण टाकीत आयोडीन टाकून 'पूर्ण वाढ' करून देण्याचा खटाटोप करतात. हे थांबले पाहिजे. आयोडीन जास्त झाले की कातडी आणि कल्ले भाजतात, आणि बळेच घडवलेल्या रूपांतरणात प्राणी अनेकदा दगावतो. पाळलेल्या डिंभांच्या मृत्यूचे दुसरे मोठे कारण साधे आहे. कल्ले आखडल्यावर प्राण्याला पाण्याबाहेर टेकायला जागा लागते, उभ्या काचेच्या टाकीत ती नसते आणि तो बुडून मरतो. या दिवसांत तो खाणेही सोडतो, ते आजारपण नव्हे. पण बळजबरीने भरवले किंवा न खाल्लेले अन्न पाण्यात कुजले की खरे आजारपण येते. यासाठीच जंगली डिंभ घरी आणू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. भारतात या गटातले प्राणी फक्त पूर्व हिमालय आणि ईशान्येकडच्या डोंगरांत, न्यूटांच्या टायलोटोट्रायटन गटाच्या रूपाने आहेत, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असताना ते पकडण्याचा प्रश्नच येत नाही. देशात इतरत्र कल्ले आणि चार पाय असलेल्या प्राण्याचे छायाचित्र आले तर तो मत्स्यालयातला ॲक्सोलॉटल असण्याची शक्यता सर्वांत जास्त. तो कुणी तळ्यात सोडला असेल तर ती वेगळीच काळजीची बाब आहे.

एका तळ्यातले डिंभ दुसऱ्या तळ्यात नेऊन 'वाचवणे' हेही घातक. सॅलॅमँडरची कातडी पोखरणारी बुरशी, बॅट्राकोकायट्रियम सॅलॅमँड्रिव्होरन्स, हिचे वर्णन २०१३ मध्ये झाले ते नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर जवळजवळ संपल्यानंतर. ती ओल्या बुटांवरून, पेल्यांवरून आणि प्राण्यांबरोबर पसरू शकते. दुसऱ्या पाण्याकडे जाण्याआधी साधनांवरचा चिखल घासून काढावा, मग व्हिरकॉन या जंतुनाशकाच्या १ टक्का द्रावणात पाच मिनिटे बुडवून, पाण्यापासून दूर धुऊन, पूर्ण वाळवावे. आधी चिखल काढला नाही तर औषध पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही.

आपल्याकडे एक मागणे आहे. असे छायाचित्र छापताना त्याखाली लांबी, तारीख, साचलेले पाणी की वाहते, आणि मागच्या पायाची बोटे एवढे तरी द्यावे. नेमके ठिकाण देऊ नये, जिल्हा पुरे, नाहीतर पकडणारे तिथे पोहोचतात. जात खात्रीची नसेल तर गटाचे नाव लिहून थांबावे. 'न्यूटचा डिंभ, जात अनिश्चित' ही ओळ छापायला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. वर सांगितलेल्या नोंदी सोबत असतील तर पुढे कुणीतरी जाणकार ती ओळ पूर्ण करू शकेल.

आपले,
उभयचर प्राण्यांचे काही अभ्यासक वाचक